ससा खात नाहीये तेव्हा आधी पोट बघा, भूक नंतर

तुमचा प्रश्न वाचला, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. दोन वर्षांचा नर ससा, घरात एक मादी पण आहे. तुम्ही लग्नाला गावी गेलात, शेजाऱ्यांनी तेवढे दिवस गाजर, पोळी आणि बिस्किटं घातली. काल संध्याकाळपासून त्याने कशालाच तोंड लावलं नाहीये, कोपऱ्यात अंग चोरून बसलाय, लेंड्या जवळपास बंद. तिथल्या डॉक्टरांनी गॅस झालाय म्हणून इंजेक्शन दिलं आणि उद्यापर्यंत खाईल म्हणाले. आणि तुम्ही विचारताय की भूक वाढवायचं टॉनिक कुठलं, ईनो चालेल का, घरात मुलाचं अमॉक्सिसिलिन सिरप आहे ते देऊ का, आणि मादीला वेगळं ठेवायचं का.

ईनो नको. अमॉक्सिसिलिन तर अजिबातच नको. कारणं खाली लिहिते पण आत्ता बाटली हातात असेल तर आधी ती ठेवून द्या.

मी व्हेट आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते, कुत्री मांजरी जास्त पण ससे आणि गिनीपिग पण बरेच येतात, आणि ससा घेऊन येणारे दहातले निम्मे लोक याच तक्रारीने येतात की डॉक्टर तो खातच नाहीये. तुमचा ससा मी बघितलेला नाही त्यामुळे जे लिहितेय त्यातलं बरंच "असं असेल तर" या धर्तीचं आहे. त्याचं पोट हाताला कसं लागतंय, अंग गार आहे का, आणि तुमच्या जवळच्या कुठल्या गावात एक्सरे निघतो, यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर मी स्वतः म्हणते बघू उद्यापर्यंत. सशाचं तसं नाही. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही आणि लेंड्या थांबल्या तर ती इमर्जन्सी धरायची, आणि तुमचे बारा तास कधीच होऊन गेलेत. म्हणजे आजच, रविवार असला तरी.

आता हे असं का ते सांगते, कारण हे समजलं की काय द्यायचं आणि काय नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल. सशाचं पचन मुख्यतः पोटात होत नाही, मागे अंधांत्र म्हणून एक मोठी पिशवी असते तिथे होतं. तिथे जंतूंची अख्खी वसाहत असते, ती गवतातला चोथा आंबवते आणि त्यातून सशाला ताकद मिळते. ही सगळी यंत्रणा चालू राहते लांब धाग्याच्या चोथ्यामुळे, म्हणजे गवतामुळे. चोथा कमी झाला आणि पोळी बिस्किटासारखा पिठाचा, साखरेचा माल आत गेला की आतड्याची हालचाल मंदावते, आतला माल सुकत जातो, आणि जंतू मात्र त्यांचं काम थांबवत नाहीत. इडलीचं पीठ उन्हाळ्यात जास्त वेळ बाहेर राहिलं की कसं फुगून वर येतं, तसं. गॅस होतो, गॅसने दुखतं, दुखल्यामुळे ससा अजून खात नाही, पाणी पण पीत नाही, न खाल्ल्यामुळे आतडं अजून थांबतं. हे चक्र आहे, आणि भूक मेलेली दिसते ती या चक्राच्या शेवटी दिसते. म्हणून टॉनिकचा प्रश्नच बाजूला ठेवा. भूक हा आजार नाहीये. दुखणं, पाण्याची कमतरता आणि थांबलेलं आतडं हा आजार आहे, ते सुटलं की तो स्वतःच कोथिंबिरीला तोंड लावतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बरेच जण घाई करतात. खात नाही म्हटल्यावर लगेच सिरिंज घेऊन भरवायला बसतात. थांबा. आधी पोट बघा. ससा जमिनीवर चारी पायांवर असू दे, उचलून उताणा करू नका, आणि दोन्ही बाजूंनी बरगड्यांच्या मागे तळहात हलके ठेवा. पोट मऊ, किंवा कणकेच्या गोळ्यासारखं दबणारं लागलं तर बहुतेक आतडं मंदावलंय. पण डाव्या बाजूला बरगडीमागे ताणलेला, गच्च, ढोलासारखा फुगा लागला, आणि ससा अगदी अचानक, म्हणजे दुपारपर्यंत उड्या मारत होता आणि संध्याकाळी एकदम गळाठला असं असेल, तर मधे काहीतरी अडकलं असण्याची शक्यता आहे. बऱ्याचदा तो सुकलेल्या केसांचा घट्ट गोळा असतो, कधी कार्पेटचा तुकडा, कधी सुका मक्याचा दाणा किंवा वाटाणा. सशाला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं पुढेच जायला हवं, आणि पुढची वाट बंद असताना तुम्ही वरून ढकलत राहिलात तर जठर फुटू शकतं. अशा वेळी तोंडाने काही नाही, आतडं हलवायची औषधं पण नाहीत, सरळ गाडीत घालून दवाखाना. तुम्ही लिहिलंय पोट "गच्च वाटतंय". हा शब्द मला धड कुठल्याच बाजूला नेत नाही, म्हणूनच मी तुम्हाला इथे बसून भरवा असं म्हणणार नाही. एक्सरे होईपर्यंत भरवू नका.

मग दवाखाना ठरेपर्यंत घरी काय करायचं. कान हाताला गार लागतायत का बघा. सशाचं नॉर्मल तापमान साधारण ३८.५ ते ४० डिग्री सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे आपल्या हाताला तो नेहमी थोडा कोमटच लागायला हवा. कान गार आणि ससा सुस्त असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलमधे गुंडाळून त्याच्या बाजूला ठेवा, त्याला सरकून लांब जाता येईल अशी जागा ठेवून. ३८ च्या खाली गेलेला ससा ही आम्हाला घाबरवणारी गोष्ट आहे, गुदद्वारात थर्मामीटर घालायची सवय नसेल तर तुम्ही ते करू नका, डॉक्टर करतील. उलट तुमच्याकडे पत्र्याचं घर असेल, एप्रिल मे चालू असेल आणि कान तापलेले, श्वास धापा टाकल्यासारखा असेल तर तो उन्हाचा फटका आहे, तिथे शेक नाही, कान पाण्याने ओले करायचे आणि पंख्याची हवा. सशाला घाम येत नाही, कानातूनच उष्णता जाते, तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे तर चाळीस होतं.

पिंजऱ्याच्या बाहेर सोडा, स्वतः थोडा चालला तर बरंच. पाणी वाटीत ठेवा, नळीच्या बाटलीतून आजारी ससा ओढत बसत नाही. समोर ताजं गवत, कोथिंबीर, पुदिना ओला करून ठेवा, स्वतःहून खाल्लं तर खाऊ दे, जबरदस्ती नको. मादीचं विचारलंत, तिला दुसऱ्या खोलीत नेऊ नका, जोडीतल्या सशाला एकटं पाडलं की त्याचा ताण अजून वाढतो, फक्त मधे जाळी लावा. नाहीतर सकाळी लेंड्या दिसतील, तुम्ही खूश व्हाल आणि त्या तिच्या असतील.

आता डॉक्टरांकडे काय बोलायचं. तुमच्या तिथल्या डॉक्टरांना मी नावं ठेवत नाहीये. आमच्या कॉलेजात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यांचा अभ्यास प्रचंड, ससा आला तर मांसासाठी आणि लोकरीसाठी पाळायचा प्राणी म्हणून आला, घरात सोफ्याखाली राहणाऱ्या सशावर उपचार करायला नंतर ज्याचं त्याने शिकायचं असतं. त्यामुळे तुम्ही पेशंटचे नातेवाईक म्हणून थोडं विचारायला शिका, भांडायला नाही. कालचं इंजेक्शन कुठलं होतं ते नाव लिहून घ्या. स्टेरॉइड असेल तर पुढच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, सशांना स्टेरॉइड सोसत नाही आणि त्याच्यावर वेदनाशामक द्यायचं तर विचार करावा लागतो.

माझ्या टेबलावर असा ससा आला की माझा क्रम ठरलेला असतो. आधी तापमान. मग कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब आणि शुगर, आजोबांची शुगर बघायचं घरगुती मशीनही अंदाजापुरतं चालतं. घाबरलेल्या सशाची शुगर थोडी वाढतेच, पण ३६० च्या वर असेल तर माझं लक्ष अडकण्याकडे जातं आणि मी एक्सरेची वाट बघते. एक्सरेत जठर गोल, पाण्याने आणि हवेने फुगलेलं दिसलं तर सर्जनला फोन. आत सुकलेल्या मालाचा गोळा आणि भोवती हवेची कड दिसली तर आतडं थांबलंय, ऑपरेशन नाही, औषधं. हा फरक एक्सरेशिवाय नुसत्या हाताने दरवेळी कळतोच असं नाही, म्हणून मी एक्सरेचा आग्रह धरते, तालुक्याच्या गावी व्हेटकडे मशीन नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा, तासदीड तासाचा प्रवास परवडतो.

अडकलेलं नाही हे ठरलं की मग तीन गोष्टी: सलाइन, वेदनाशामक, ऊब. कातडीखाली किंवा शिरेतून रिंगर लॅक्टेट, कोमट करून, कारण आतला सुकलेला माल ओला झाल्याशिवाय हलणार नाही. दुखणं थांबवायला मेलॉक्सिकॅम, जास्त दुखत असेल तर सोबत ब्युप्रेनॉर्फिन. इथे एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला, नम्रपणे: कुत्र्याला मेलॉक्सिकॅम किलोला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम लागतं, सशाच्या शरीरातून ते लवकर निघून जातं म्हणून त्याला अर्धा ते एक मिलिग्रॅमपर्यंत लागतं, आणि कुत्र्याच्या हिशोबाने दिलेला डोस सशाला पुरत नाही. पण हे वाचून घरी स्वतः गोळी फोडून देऊ नका, अंगात पाणी कमी असताना हेच औषध किडनीला मारतं, आधी सलाइन मग हे. आतडं हलवायला मेटोक्लोप्रामाइडसारखं औषध देतात, ते नंतर, अडथळा नाही हे नक्की झाल्यावरच.

सिरिंजने भरवणं हे त्यानंतर सुरू होतं. सशांचं तयार पावडर फूड ऑनलाइन मिळतं, क्रिटिकल केअर नावाने, पण ते पार्सल यायला तीन दिवस आणि तुम्हाला आज हवंय. तोपर्यंत सशाचे साधे पेलेट, म्हणजे सुकं दाणेदार खाद्य, कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमधे थोडी कोथिंबीर घालून अगदी बारीक करा, सिरिंजच्या तोंडातून न अडकता निघेल इतकं पातळ. सुई नसलेली एक-दोन मिलीची सिरिंज, टोक ओठाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून आत. एका वेळी अर्धा-एक मिली, तो चावून गिळतोय हे दिसलं की पुढचं. समोरून घशात पिचकारी मारली की श्वासनलिकेत जातं आणि मग न्यूमोनियाची वेगळी कटकट. टॉवेलमधे गुंडाळून मांडीवर, पाठीवर झोपवून कधीच नाही. सुरुवातीला किलोला पाच मिली, सोसलं तर दहा ते पंधरा मिली, दिवसातून चार-पाच वेळा, रात्रीची एक पाळी धरून. दीड किलोचा ससा असेल तर एका वेळी वीस मिलीच्या आसपास. भरवल्यावर पोट फुगायला लागलं तर थांबा आणि फोन करा. ससा लठ्ठ असेल तर यात टंगळमंगळ नको, उपाशी लठ्ठ सशाची चरबी लिव्हरमधे जाऊन बसते आणि मग पोट सुटलं तरी ससा सुटत नाही.

दूध, दही, तूप, एरंडेल, मधाचं पाणी यातलं काही नको. अननसाचा किंवा पपईचा रस केस विरघळवतो असं लोक अजून सांगतात, केस त्याने विरघळत नाहीत, उगाच साखर जाते. आणि ईनो, तो पोटात गेल्यावर गॅस सोडतो, आपल्याला ढेकर येते आणि मोकळं वाटतं, सशाला ना उलटी ना धड ढेकर, तो गॅस आतच राहणार, आधीच फुगलेल्या पोटात. बाळांच्या गॅसच्या थेंबांतलं सिमेथिकोन मात्र निरुपद्रवी आहे, फार फरक पडतो असं माझं मत नाही, डॉक्टरांनी दिलं तर द्या.

अमॉक्सिसिलिनबद्दल जरा जास्त लिहिते, कारण हे आपल्याकडे प्रत्येक घरात अर्धी बाटली उरलेली असतं. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं अंधांत्रातल्या चांगल्या जंतूंना मारतात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचा वाईट जंतू वाढतो, तो विष तयार करतो, जुलाब लागतात आणि एक-दोन दिवसात ससा जातो. माणसाच्या बाळाला चालतं म्हणजे सशाला चालेल हा हिशोब इथे उलटा पडतो. अँटिबायोटिकची खरंच गरज असेल तर एन्रोफ्लोक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा असे सशाला चालणारे पर्याय आहेत, पण नुसत्या थांबलेल्या आतड्याला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. आणि विषय निघालाच आहे तर, गोचीड-पिसवांचे फिप्रोनिलचे थेंब कुत्र्याला चालतात म्हणून सशाच्या मानेवर टाकू नका, तेही सशाला विषारी आहेत.

पोट सुटलं, लेंड्या सुरू झाल्या, की लोक म्हणतात झालं. माझ्या लेखी अर्धंच झालेलं असतं, कारण आतडं कशामुळे थांबलं हे अजून कळलेलं नसतं. तुमच्या बाबतीत शेजाऱ्यांचं बिस्किट-पोळी हे कारण समोर दिसतंय, ते खरं पण असेल. पण त्याच पोळीवर मादी ठणठणीत आहे ना? मग ह्यालाच का झालं? अशा वेळी मी पहिला संशय दातांवर घेते. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोन-अडीच मिलिमीटर, आणि झिजतात ते मुख्यतः गवत चघळून. गवत कमी पडलं की दाढांना टोकं येतात, खालची जिभेला टोचतात, वरची गालाला. असा ससा खायला येतो, हुंगतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो, किंवा हनुवटी ओली राहते. गाजर मऊ म्हणून खाईल, गवत सोडेल, आणि घरचे म्हणतात हल्ली लाडावलाय. पुढचे दात बघून "दात ठीक आहेत" असं कोणी म्हणालं तर ते पुरेसं नाही, दाढा कान तपासायच्या दुर्बिणीने बघाव्या लागतात आणि नीट बघायला कधी भूल द्यावी लागते. भूल द्यायची ठरली आणि कोणी "रात्रभर उपाशी ठेवून आणा" म्हणालं तर सांगा की सशाला उलटी होत नाही, उपाशी ठेवायची गरज नसते आणि ठेवलं तर हेच दुखणं परत येतं. नेलकटरने दात कापून देणारे पण भेटतील, दात उभा चिरतो, करून घेऊ नका.

दात ठीक निघाले तर बाकीचं बघायचं. लघवी पांढरट, चुन्यासारखी दाट येतेय का, सशाच्या अंगातलं जादा कॅल्शियम लघवीतून जातं आणि मूत्राशयात गाळ किंवा खडा झाला की ससा तसाच कोपऱ्यात बसतो. पावसाळा असेल तर शेपटीखाली नक्की बघा, ओल्या घाणीवर माशा अंडी घालतात आणि किडे पडतात. दिवाळीचे फटाके, नवीन कुत्रा, घर बदलणं, एवढ्यानेही पोट थांबलेले ससे मी बघितलेत.

खाण्याचं थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. त्याच्या अंगाएवढा गवताचा भारा रोज, तोच मुख्य आहार. टिमथी नावाचं वाळकं गवत बाहेरून येतं, महाग असतं, ते मिळालं तर छान पण नाही मिळालं म्हणून अडत नाही. फवारणी नसलेली हरळी, वाळवलेलं मारवेल, ओटचा वाळका चारा, हे गाईगुरांच्या चाऱ्याच्या दुकानात किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडे मिळतं. कुसळी गवत घेऊ नका, कुसळं तोंडात रुततात. लसूणघास लहान पिल्लांना चालतो, मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम फार. पालेभाजीत कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, मेथी थोडी. पेलेट चमचा-दोन चमचे. गाजर म्हणजे त्याच्यासाठी मिठाई, आठवड्यातून एखादी चकती. कोंबडीखाद्य आणि सुग्रास स्वस्त पडतं म्हणून घालू नका, ते ज्या जनावरासाठी बनवलंय त्यालाच राहू द्या. आधी गवताची सवय नसेल तर एका दिवसात सगळं बदलू नका, दोन-तीन आठवडे घ्या.

बरा झाल्यावर पुढचा महिनाभर दर आठवड्याला किचनच्या काट्यावर टोपलीत बसवून वजन करा आणि फोनमधे लिहून ठेवा. लेंड्यांचा आकार रोज सकाळी बघा, बंद व्हायच्या आधी त्या दोन-तीन दिवस बारीक होत जातात किंवा केसांनी एकमेकींना जोडलेल्या माळेसारख्या येतात, त्याच टप्प्यावर गवत वाढवून, पाणी वाढवून डॉक्टरांना फोन केला तर बऱ्याचदा सलाइनची वेळ येत नाही. आणि खाणं दिसायला नीट आहे पण वजन उतरतंय असं झालं तर मागच्या वेळी दाढा चांगल्या होत्या म्हणून गप्प बसू नका, परत बघून घ्या, दोन-तीन महिन्यात टोकं पुन्हा येऊ शकतात.